बाळंतिणींच्या वॉर्डाचं मागचं दार

१० मार्च, सोमवार

आज दवाखान्यात मॉक ड्रिल झालं. आग लागली असं समजायचं आणि पेशंट बाहेर काढायचे. मी बाळंतिणींच्या वॉर्डाची इन्चार्ज सिस्टर, म्हणून ओरडून सगळ्यांना उठवायचं काम माझ्याकडे. ओरडले. कोणालाच ऐकू गेलं नाही. शेवटी हिरामावशींनी, म्हणजे आमच्या वॉर्डाच्या आयाबाईंनी, स्टीलचा ट्रे पलंगाच्या दांडीवर आपटला. त्यासरशी जे पळाले ते सगळे नातेवाईक, हातात जेवणाचे डबे घेऊन. बाळंतिणी होत्या तिथेच. व्हीलचेअर दारात आडवी अडकली. एक आजी बाहेर पोचल्या आणि चप्पल राहिली म्हणून परत आत आल्या, 'आगीत'.

मॅडमनी घड्याळ बघितलं आणि किती वेळ लागला ते न सांगताच खिशात टाकलं. मॅडम म्हणजे आमच्या अधीक्षक डॉक्टर, माझ्याहून वयाने लहान. रागावल्या नाहीत. हसल्या. ते जास्त लागलं.

घरी आल्यावर आबांना, सासऱ्यांना, सांगितलं. तेही हसले. आज सगळ्यांनाच हसायचं होतं.

११ मार्च

मीटिंग. मॅडमचा एकच प्रश्न : 'एवढ्या वॉर्डाला दार एक. धूर कॉरिडॉरमध्ये असला तर बाया जाणार कुठून?'

कोणीतरी आठवण करून दिली, मागे एक दार आहे. लिननच्या कपाटामागे. आहेच. मी इथे लागले तेव्हापासून ते बंदच बघितलंय. पलीकडे युसूफभाईंचं आवार, लोखंडी कपाटं-पलंग बनवायचा कारखाना. पूर्वी कधीतरी आमच्या धुण्याचं पाणी त्यांच्या आवारात जायचं, त्यात त्यांच्या नव्या कपाटांना गंज धरला, भांडण झालं. मग आमच्या लोकांनी आतून लोखंडी पट्टी मारली, त्यांनी बाहेरून कपाटं रचली.

'बोलायला कोण जाईल?' सगळ्यांनी माझ्याकडे बघितलं.

मॅडम म्हणाल्या, 'सिस्टर, तुमचा आवाज मऊ आहे. तुम्हीच जा.'

कालपर्यंत हाच आवाज कुचकामाचा होता!

१३ मार्च

गेले एकदाची. दुपारी. रोजे चालू आहेत, युसूफभाईंचे ओठ वाळलेले, तरी मला म्हणाले, 'सिस्टर, पानी मंगवाऊं?' मी नको म्हटलं. वेल्डिंगच्या ठिणग्या उडत होत्या, पोरं काम थांबवून बघत होती. मला काय बोलायचं ते पाठ केलं होतं, सगळं विसरले. तोंडातून एवढंच निघालं, 'भाई, ते पाण्याचं... सॉरी.'

ते म्हणाले, 'आप तो तब थी भी नहीं.'

'नव्हते. तरी.'

'इतने बरस में किसी ने सॉरी नहीं बोला,' म्हणाले आणि हसले. छान हसतात. मग मुद्द्यावर. ईदपर्यंत थांबा, लग्नसराईची कामं आहेत, आवार भरलंय. नंतर कपाटं हलवून दार मोकळं करून देतो. पण पाण्याचा एक थेंब यायला नको. 'और एक बात. ये अभी के लिए. हमेशा का पूछोगी तो धुले में भाईजान बैठे हैं. जगह दोनों की है.'

अभी के लिए तर अभी के लिए. येताना पावलं हलकी पडत होती.

१६ मार्च, रविवार

आबा शिंदखेड्याच्या डेपोत कंडक्टर होते. रिटायर होऊन बरीच वर्षं झाली पण आवाज अजून ड्युटीवर आहे. संध्याकाळी मला गच्चीवर घेऊन गेले. म्हणाले, ओरड.

ओरडले.

'असं बोलशी ते कोन उतरी? पोटमाईन काढ आवाज. गळामाईन नही.'

मग स्वतः कमरेवर हात ठेवून, मान वर करून : 'धुळेऽ, नरडाणाऽ, शिंदखेडाऽ, दोंडाईचाऽऽ!' पारवे उडाले. मग मी. मग ते. मग दोघं. समोरच्या गच्चीवरच्या काकूंनी विचारलं, गाडी कुठून सुटतेय हो? मी लाजून खाली बसले. आबा म्हणाले, 'बस नको. परत म्हन.'

रात्री घसा दुखतोय. पण पोटही दुखतंय, म्हणजे बरोबर जागेहून निघत असणार.

२१ मार्च

आग विझवायच्या सिलिंडरचं ट्रेनिंग. आवारात पत्र्याच्या डब्यात चिंध्या पेटवल्या. शिकवायला आलेले साहेब सारखे म्हणत होते, पिन ओढा, नळी आगीच्या बुडाशी धरा, दाबा, झाडू मारल्यासारखं फिरवा. हिरामावशी : 'झाडू तेवढा शिकवू नका साहेब.'

माझी पाळी आली. दाबलं आणि डोळे मिटले. उघडले तर आग तशीच आणि मॅडमचे बूट पांढरे.

दुसऱ्या वेळी जमलं. मॅडमनी आधी दहा पावलं मागे जाऊन टाळ्या वाजवल्या.

२ एप्रिल

दार उघडलं!

ईदचा शीरखुर्मा परवा डबाभर आला होता, युसूफभाईंच्या घरून. तेव्हाच समजलं होतं की माणूस शब्दाचा आहे. आज सकाळी त्यांनी स्वतः कटर लावून पट्टी कापली. बिजागऱ्या गंजून एक झालेल्या. तेल, हातोडी, पुन्हा तेल. एकदम दणका बसला आणि दार सरकलं. वॉर्डात उजेडाचा मोठा चौकोन पडला. खाटेवरच्या बाया उठून बसल्या. एकीने बाळाच्या डोळ्यांवर ओढणी धरली, दुसरी म्हणाली, 'अगं बाई, इकडं तर जग आहे!'

पलीकडे नवे पलंग ओळीने. लग्नाचे. उशाशी मोर रंगवलेले, प्लॅस्टिक चढवलेले. एक बाळंतीण दारात उभी राहून पलंगाचा भाव विचारायला लागली. हिरामावशींनी तिला आत आणलं.

लिननचं कपाट आता कॉरिडॉरच्या बाजूला. कपाट हलवताना त्यामागे काय काय सापडलं ते लिहीत नाही. उंदरांची तीन पिढ्यांची वस्ती.

५ एप्रिल

दुसरं ड्रिल. यावेळी सगळं वाटून घेतलं होतं. बाळ आईच्या छातीशी, चालता येणारीने चालायचं. सिझरच्या बाईला चादरीत घालून चौघींनी न्यायचं. आई अजून उठू शकत नसेल तर बाळ हिरामावशींच्या झोळीत. ऑक्सिजनचा कॉक बंद करणं सिस्टर सलमाकडे. नातेवाइकांनी डबे ठेवायचे, चप्पल विसरायची.

ओरडले. पोटातून. सलमाच्या हातातला चार्ट पडला.

पंधरा मिनिटंही... नाही, त्याच्या कितीतरी आत सगळ्या युसूफभाईंच्या आवारात. मॅडमनी वेळ मोठ्याने वाचून दाखवली. युसूफभाईही ड्रिलमध्ये घुसलेच, 'उधर से नहीं बेटा, इधर से, पत्रा लगेगा!' त्यांनी पत्रे उचलून मधली वाट मोकळी केली. वर चुन्याचे पट्टे मारले. विमानतळासारखे.

१४ एप्रिल

जयंती. सुट्टी होती. सुनील दीपनगरहून आला, त्याची पॉवर स्टेशनला सेकंड शिफ्ट होती, बदलून घेतली. संध्याकाळी मिरवणुकीत आबांनी घोषणा दिली आणि पुढची मी दिली. सुनील वळून बघतोय. नवऱ्याला बायकोचा आवाज ओळखू आला नाही, एवढी वर्षं संसार करून.

'तू होतीस?'

'मीच.'

'मग घरी जरा हळू बोलत जा,' म्हणाला. घाबरलाय.

२२ एप्रिल, मंगळवार

ऊन भयंकर. सगळे कूलर चालू. जेवणाच्या सुमाराला कॉरिडॉरमधल्या लाइटच्या बोर्डातून चर्रर आवाज, मग जळकट वास, मग काळा धूर. ड्रिलमध्ये धूर नव्हता. धुराने सगळं वेगळं होतं. क्षणभर मी नुसती उभी. मला वाटलं, कोणीतरी ओरडायला पाहिजे. मग लक्षात आलं, ते माझंच काम.

काय ओरडले ते आठवत नाही. हिरामावशी सांगतात, 'सिस्टर, तुम्ही कंडक्टरवाणी वरडल्या. पुढे सरका, मागच्या दाराने उतरा!' उतरा म्हटलं असेन तर असो. बाया उतरल्या.

सलमाने कॉक बंद केला, कॉरिडॉरचं दार ओढून घेतलं, फटीत ओली चादर कोंबली. चालणाऱ्या बाया बाळं घेऊन निघाल्या, कोणी धावलं नाही. चादरीवरच्या दोघी बाहेर पोचल्या. राहिली कविता. पहिलटकरीण, सकाळपासून कळा, आता अगदी टोकाला आलेली. 'माले नही उठता येवाव,' म्हणत होती. नाही म्हणजे नाही. तिची आई रडायला लागली. मी तिच्या तोंडाजवळ जाऊन माझ्या नेहमीच्या आवाजात बोलले. जुन्या, मऊ. 'कविता, तू काही करू नको. आम्ही उचलतोय. तू फक्त श्वास सोड.' तिने माझ्या गळ्यात हात टाकला. मॅडम धावत आल्या होत्या, चादरीचं एक टोक त्यांनी धरलं.

दारातून बाहेर पडलो आणि मॅडम म्हणाल्या, 'इथेच. आता पुढे न्यायला वेळ नाही.'

युसूफभाईंनी मोरवाल्या पलंगाचं प्लॅस्टिक टराटरा फाडलं. पोरांना ओरडले, 'सब बाहर! मुंह उधर!' सगळी पोरं फाटकाबाहेर, आवाराकडे पाठ करून. खाला, म्हणजे त्यांच्या मिसेस, घरातून धुतलेल्या चादरी घेऊन आल्या. बाकीच्या बाळंतिणींनीच चादरी धरून आडोसा केला, एका हातात बाळ, एका हातात चादरीचं टोक. खालांनी कविताचं डोकं मांडीवर घेतलं. सलमा डिलिव्हरीचा ट्रे घेऊन आली होती, तो तिला कोणी सांगितलाही नव्हता.

त्याच वेळी मी मोजत होते. बाया बरोबर. बाळं मोजली. एक कमी.

पुन्हा मोजली. एक कमी.

आत पळायला निघाले, मॅडमचा आवाज आला, 'प्रज्ञा, थांबा!' आणि हिरामावशी समोर. झोळी पोटाशी. मी म्हटलं, 'मावशी, एक बाळ...' त्यांनी झोळीचं तोंड उघडून दाखवलं. आत दोन. एकमेकांना चिकटून झोपलेली, एकाची मूठ दुसऱ्याच्या गालावर. मी झोळी म्हणजे एकच बाळ धरलं होतं.

मी खालीच बसले, मातीत. हसत होते की रडत होते, कोण जाणे.

आणि तेवढ्यात चादरींच्या आतून रडण्याचा आवाज आला. खणखणीत. मुलगी!

फाटकाबाहेर पाठ करून उभ्या असलेल्या पोरांनी टाळ्या वाजवल्या. पाठ तशीच ठेवून.

आग बोर्डापुरतीच राहिली. आमच्या इलेक्ट्रिशियनने मेन बंद करून सिलिंडर मारला, अग्निशमनची गाडी आली तोवर नुसता धूर. कोणालाही काही झालं नाही. हे वाक्य पुन्हा लिहिते. कोणालाही काही झालं नाही.

२३ एप्रिल

आवाज गेला. पूर्ण. आबा दर तासाला ज्येष्ठमधाची काडी आणून देतात आणि ऐटीत विचारतात, 'कितला लांब गया व्हता आवाज?' मी हात पसरून दाखवते. अजून पसर म्हणतात.

वॉर्ड सध्या वरच्या मजल्यावर, बोर्ड नवा बसेपर्यंत. कविता आणि मुलगी दोघी ठणठणीत. तिच्या आईने माझे दोन्ही हात धरले, बोलल्या काहीच नाहीत. मीही बोलू शकत नव्हते. बरोबरी झाली.

२५ एप्रिल

युसूफभाई आले, चेहरा पडलेला. तो मोरांचा पलंग एका लग्नाचा होता, नवरीचा बाप शिंदखेड्याकडचा, आज पलंग न्यायला टेम्पो घेऊन आलाय. पलंग खालांनी धुऊन-पुसून, डेटॉल लावून चकाचक केलाय, पण लपवून कसं द्यायचं? 'सिस्टर, आप बताओ उनको. डिलिव्हरी का मामला है, मेरे से नहीं बोला जाता.'

गेले. घसा अर्धाच सुटलाय. घोगऱ्या आवाजात सगळं सांगितलं. युसूफभाई मध्येच म्हणाले, भाऊ, तुम्हाला दुसरा नवा देतो, याच्याहून भारी.

त्या माणसाने टोपी काढली, डोकं खाजवलं. मला वाटलं आता चिडतो. तर म्हणाला, 'दुसरा काबर? माले हाऊच पलंग पाहिजे. ह्या पलंगवर लेक जन्मनी. मनी पोरना संसारले आनखी काय पाहिजे, भो?'

नवरीही टेम्पोत होती. उतरली, वर वॉर्डात आली, कविताच्या मुलीला घेतलं. लग्नाला या म्हणाली, सगळ्यांना, अगदी हिरामावशींच्या झोळीतल्या दोघांनाही. मग पलंग टेम्पोत चढला. युसूफभाई टेम्पो वळेपर्यंत बघत होते. नाक शिंकरून म्हणाले, 'धूल बहोत है.'

कसली धूळ.

६ मे

दाराचं नवीनच. आमच्या ट्रस्टला ते आता कायमचं करायचंय. रॅम्प, रुंद दार, दिवा, पाटी. रॅम्पचा उतार युसूफभाईंच्या जागेत उतरतो. दोन्ही भावांची सही लागेल. धुळ्याला फोन केला तर भाईजाननी नुसतं 'नहीं' म्हटलं आणि ठेवला.

युसूफभाईंनी कारण आज सांगितलं. पाण्याची तक्रार घेऊन त्यांचे अब्बा आमच्या दवाखान्यात आले होते, पूर्वी. तेव्हाच्या कोणीतरी त्यांना बाहेर दारातच उभं ठेवलं. भर उन्हात. आत या म्हटलं नाही. म्हाताऱ्याने ते मनाला लावून घेतलं. भाईजान तेव्हा सोबत होते. 'मैं छोटा था, मुझे पता नहीं. उनको एक-एक मिनट याद है.'

गंज कपाटांचा नव्हता तर.

मॅडमना सांगितलं. म्हणाल्या, 'धुळ्याला जाऊ. आपण दोघी.'

११ मे, रविवार

धुळ्याहून आत्ताच आले. एसटीत ऊन, धूर, शेजारी कोंबड्यांची पाटी. मॅडमनी तिकीट काढू दिलं नाही. युसूफभाई पुढच्या सीटवर, पूर्ण रस्ता गप्प.

भाईजान म्हणजे डोंगर. गुडघ्यांमुळे चालता येत नाही फारसं, मोठ्या खुर्चीत बसलेले, दाढी पांढरी, आवाज आबांच्या तोडीचा. दाराचा विषय काढला की, 'पहले खाना.' आमरस, शेवया, वर पुन्हा आमरस. मॅडमची वाटी रिकामी झाली की भरायची. मॅडम हळूच मला म्हणाल्या, 'ही शिक्षा आहे का?'

मग त्यांनीच विचारलं, 'वो बच्ची कैसी है?'

मोबाइलवर फोटो दाखवला. त्यांनी चष्मा चढवला, फोटो मोठा केला, खूप वेळ बघितलं. पलंगाचा मोर दिसत होता मागे. 'ये हमारे आंगन में हुई?'

'हो.'

मग म्हणाले, 'अब्बा को तुम लोगों ने दरवाजे पे खडा रखा था.' शांतपणे म्हणाले. युसूफभाईंनी मान खाली घातली. मी काही बोलणार होते, पण मॅडम उठून उभ्या राहिल्या. खुर्चीसमोर. म्हणाल्या, 'तुम्ही या. आम्ही दारात घ्यायला उभ्या राहू. तुम्ही आत बसाल तेव्हा आम्ही बसू.'

'कौन से दरवाजे में?'

'तुम्ही म्हणाल त्या.'

भाईजान दाढीवरून हात फिरवत राहिले. मग डोळ्यांत काहीतरी चमकलं. म्हणाले, येतो. गुरुवारी. मागच्याच दाराने येतो. पण सही अशी नाही. 'मैं मरीज बनके लेटूंगा. मुझे चादर में उठाके बाहर ले जाके दिखाओ. मेरे जैसे को बचा लिया तो सबको बचा लोगी. गिराया, तो दरवाजा बंद.'

युसूफभाई धुळ्यात पहिल्यांदा बोलले : 'भाईजान, आपके लिए चादर नहीं, जेसीबी लगेगा.'

सगळ्यात मोठ्याने भाईजानच हसले. खुर्ची कुरकुरली. त्या कुरकुरीने मी जरा गंभीर झाले.

आता घरी आल्यावर हिरामावशींना फोन लावला. सगळं सांगितलं. त्या खूप हसल्या. मग म्हणाल्या, 'माणूस केवढा आहे?'

सांगितलं.

त्यांचं हसणं थांबलं.

मग म्हणाल्या, 'सिस्टर, उद्या जरा लवकर या. आणि सतरंजी आणा, चादर नको.'